न विचारता शिकवल्याबद्दल

४ जानेवारी

प्रिय ठकू,

हे पत्र मी आई म्हणून लिहीत नाहीये, तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. शाळेच्या सभेची चिटणीस म्हणून लिहिते आहे. पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांना हीच सूचना गेली आहे, अगदी परदेशात जाऊन बसलेल्या लंबूलासुद्धा.

तर सूचना अशी. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मोठ्यांचं मतदान आहे. नियम विसरली असशील म्हणून पुन्हा लिहिते. दर वर्षी शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव पुकारायचं आणि तो पुढच्या वर्षी आपल्याला हवा की नको ते सभेने ठरवायचं. सभा म्हणजे सगळे, पाच वर्षांच्या शेंबड्यापासून माझ्यापर्यंत, आणि प्रत्येकाला एकच मत. बिस्किटांचा डबा फिरतो. पांढरं बटण म्हणजे राहू दे, काळं म्हणजे जाऊ दे. बरोबरी झाली तर माणूस राहतो. चिठ्ठ्या न घेता बटणं घेतो, कारण ज्याला वाचता येत नाही त्यालाही मत देता आलं पाहिजे. ही तुझ्या बाबांची कल्पना, आणि पहिली बटणं त्यांच्याच जुन्या शर्टांची होती.

पहिल्या तुकडीला जन्मभर मत आहे, पण तुमच्या वेळच्या मोठ्यांपुरतंच. आता तुमच्या वेळचं एकच खोड उरलंय, ते म्हणजे मी. त्यामुळे बटणांची एकच जोडी सोबत ठेवली आहे आणि परतीचं पाकीटही, तिकीट लावून. हवं ते पाठव, उरलेलं कुठल्यातरी फ्रॉकला लाव.

सूचना संपली. बाकीच्यांना एवढीच गेली. तुझ्या पत्राला शेपूट फुटलंय त्याला माझा इलाज नाही.

यंदाची सभापती तेरा वर्षांची आहे. दातांना तार, केसांच्या दोन घट्ट वेण्या, आणि बोलण्याची वेळ संपली की माझ्या तोंडावर घंटा वाजवते. मला ती फार आवडते. मी अजून अवजारांच्या खोलीवरच्या त्याच खोलीत राहते. जिना पूर्वी दहा पायऱ्यांचा होता, आता पन्नासांचा झालाय, निदान गुडघ्याचं तसं म्हणणं आहे. माझा कोट तुझ्याकडच्या खुंटीवर राहिला. तीन वर्षं झाली म्हणून आठवण करून दिली, एरवी घाई काहीच नाही. मी दोन स्वेटर एकावर एक चढवते.

नात किती उंच झाली? हे चिटणिसाने विचारायचं नसतं. वाचलं नाहीस असं समज.

ताई
(सभेची चिटणीस)


२३ जानेवारी

ठकू,

तुझं पाकीट आलं नाही. बहुतेकांची आली. ही नुसती आठवण.

मागच्या पत्राखाली मी 'ताई' अशी सही केली. पाकिटात घातल्यावर लक्षात आलं की तुला ते झोंबेल. पण सवयच तशी आहे. शाळेत मी सगळ्यांची ताई, तशीच तुझीही. चार वाजेपर्यंत ताई आणि चारनंतर आई, हे आपलं ठरलेलं होतं. तू कधी चुकली नाहीस. एकदा गुडघा फुटून रक्त आलं होतं, तरी मैदानातून 'ताई, ताई' म्हणत रडत आलीस. पाहुण्यांनी तेव्हा किती कौतुक केलं होतं, आठवतं?

असो. नियम असा आहे की ज्याचं नाव मतदानाला आहे त्याने मतं मिळवण्यासाठी एक शब्द बोलायचा नाही. हा नियम मीच लिहिला. तेव्हा तरुण होते आणि नाकाने कांदे सोलत होते. म्हणून स्पष्ट सांगते, हा प्रचार नाही. फक्त माहिती देते आहे.

माहिती अशी की या वर्षी माझ्याविरुद्ध तक्रार आहे. एरवी माझं मतदान म्हणजे उपचार असतो. दोन-चार काळी बटणं पडतात, ज्यांना मी दात घासायला लावते त्यांची. या वेळी तसं राहिलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर मी बसले की समोरची पोरं गप्प होतात. काळी बटणं जास्त झाली तर सत्र संपायच्या आत खोली रिकामी करावी लागेल. आणि नियम आहे तो आहे, म्हातारीसाठी वेगळा नाही. कुठे जाईन हा माझा प्रश्न आहे. तुझा नाही. अजिबात नाही.

तक्रार काय ते विचारू नकोस. किरकोळ आहे. कुणाला मारलं-बिरलं नाही मी. स्वयंपाकी म्हणतो, "ताई, माफी मागा आणि मोकळ्या व्हा. पोरं आहेत, विरघळतील." मी त्याला म्हटलं, "ज्याचं वाईट वाटत नाही त्याची माफी कशी मागू?" तो कणीक आपटत म्हणाला, "तुम्ही जन्मात कुणापुढे वाकल्या नाहीत, आता काय वाकणार."

तूही असंच काहीतरी म्हणाली होतीस, त्या दिवशी. मला अजून कळलेलं नाही की मी एवढं काय बोलले होते. नात पाढे म्हणत होती, डोळ्यांत पाणी, आणि तू समोर पट्टीसारखी ताठ बसलेली. मी फक्त विचारलं, "तिने मागितलंय का हे?" एवढ्या साध्या प्रश्नावर माझी बॅग दाराबाहेर आणि बॅगेपाठोपाठ मी. कोट घ्यायलाही वेळ दिला नाहीस. बसथांब्यावर थंडीने दात वाजत होते आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत उभी होते. तो वाद मीच जिंकत होते, हे वेगळं सांगायला नको.

बटण पाठव. कुठलंही.

ताई


६ फेब्रुवारी

ठकू,

काल सभेत तक्रार वाचली गेली. आता किरकोळ म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून सांगूनच टाकते.

शाळेत एक मुलगी आहे. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दहा वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं. आपल्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. मूल मागेल तेव्हा शिकवायचं, मागितल्याशिवाय शिकवायचं नाही. तो पहिला नियम अजून दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो दारावर कशाला, असं स्वयंपाकी दर वर्षी एकदा तरी विचारतो.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. वाचनालयाच्या कोपऱ्यात भिंगरी चार चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्ट वाचून दाखवत होती. मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट, आणि आवाज असा खणखणीत की दाराबाहेरच्या माणसाची खात्रीच पटावी. मी आत गेले. गोष्टीत घोडा होता. पुस्तकात आगगाडी होती. मला हसू येणारच होतं, तेवढ्यात तिने पान उलटलं आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. हिला कळलं का, एवढंच तिने पाहून घेतलं आणि पुन्हा घोडा पळवायला लागली.

मी तिथून निघाले ती थेट स्वयंपाकघरात.

भिंगरी रोज सकाळी स्वयंपाक्याला मदत करते. मी सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ आणि साखर एकसारख्या बरण्यांत भरली आणि रोज त्यांच्या जागा बदलल्या. पहिले काही दिवस ती बोट बुडवून चाटायची. मग मी पैज लावली, झाकण न उघडता सांगायचं. स्वयंपाकी चिडला, कारण एका सकाळी सगळ्यांच्या चहात मीठ गेलं. मग तोही खेळात शिरला. नंतर मी चिठ्ठ्या ठेवायला लागले. 'खिडकीत बघ.' 'खिडकीतल्या डब्याखाली बघ.' 'डब्याखालची गोळी खाल्लीस ना, आता पायपुसणं उचल.' चिठ्ठ्या लांबत गेल्या. तिला वाटायचं मी म्हातारपणी चळले आहे आणि ती माझे लाड करते आहे.

एके दिवशी भाजी निवडता निवडता खाली अंथरलेल्या रद्दीवरची बातमी तिने मोठ्याने वाचली. कुणाच्यातरी गोदामाला लागलेली आग. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग बरण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी सरळ.

"ताई, हे तू मुद्दाम केलंस?"

मी वेडी. मला वाटलं आता गळ्यात पडेल. "हो," म्हटलं.

"मी मागितलं नव्हतं."

"नव्हतंस."

"मी माझी मी शिकणार होते. ते माझं होतं." आणि तिने कमरेचा फडका सोडून माझ्या पायाशी फेकला.

तर ही तक्रार. न विचारता शिकवल्याबद्दल. तक्रार करणाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याच्या वतीने चिटणिसाने ती वाचायची, अशी पद्धत आहे. काल मी सवयीने कागदासाठी हात पुढे केला. भिंगरी म्हणाली, "नको. मी वाचते." आणि तिने वाचली. सगळ्या सभेपुढे, उभ्याने. 'परवानगीशिवाय' या शब्दाशी अडली, त्याचे तुकडे केले, एकेक तुकडा उचलला आणि पार झाली. ठकू, मी टाळ्या वाजवल्या. राहवलंच नाही. सभापतीने घंटा वाजवली. "ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत."

मग तिने विचारलं, "ताई, तुझं म्हणणं?"

"खरं आहे. शिकवलं."

"पुन्हा असं करशील?"

"करीन."

सगळीकडे कुजबुज. मागच्या बाकावरचा एक मोठा मुलगा म्हणाला, "मग आम्ही नियम पाळायचे आणि हिने नाही?" त्याचं बरोबर होतं.

पण तुला म्हणून सांगते, इतक्या वर्षांत याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. पोरीच्या पाठीचा कणाच सरळ झालाय. मी ते नुसतं बघत बसू शकले नसते. कुणीही बसू शकलं नसतं.

ताई


७ फेब्रुवारी

ठकू,

कालचं पत्र तुला मिळालं नसेल तर बरं होईल.

पेटीत टाकून परत निघाले, बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि पायच थांबले. मी ते कुणाला लिहिलं? भर रस्त्यात उभी राहून मी स्वतःला विचारलं, म्हातारे, तू हे कुणाला लिहिलंस?

परत पेटीपाशी आले. फटीत हात घालून पाहिला, मनगटापुढे जाईना. मग तिथेच उभी राहिले. पोस्टमन सायकलवरून आला तेव्हा बोटं बधिर झाली होती. त्याला म्हटलं, "निळं पाकीट आहे, माझं आहे, परत द्या."

"पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही, बाई. ज्याचा पत्ता त्याचं."

"अहो, अक्षर माझं आहे. इथे लिहून दाखवते."

"असेल ना. मी नाही कुठे म्हणतो?" त्याने पत्रांतून माझं पाकीट काढलं, मला दाखवलं, आणि पिशवीत टाकलं. मग जरा नरमला. "वाईटसाईट लिहिलंय का काही?"

"नाही. चांगलंच लिहिलंय."

"मग?"

मला सांगता येईना. तो माणूस माझ्याकडे बघत तिथे थांबला, तरी सांगता येईना.

तुला तर सांगावं लागेल. वाचनालयाचा तोच कोपरा होता, ठकू. तीच जाजमाची कड. तूही दहाचीच होतीस. तुझ्या पुस्तकात काय होतं ते आठवत नाही, पण तुझ्या गोष्टीत एक राक्षसीण होती, तिला सर्दी झालेली असायची. मी पाहुण्यांना दारात थांबवून म्हणायची, "ऐका, पुस्तकात नसलेली गोष्ट वाचते आहे. बघा काय कल्पनाशक्ती!" पाहुणे हसायचे. तू पान उलटायचीस आणि माझ्याकडे पाहायचीस, डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

मी इथे लिहिणार होते की तेव्हा मला ते दिसलं नाही. दिसलं होतं.

बाबा म्हणायचे, "अगं, शिकवू या तिला. संध्याकाळी, घरी, कुणाला कळणार आहे?" मी म्हणायची, "ती मागेल तेव्हा." संस्थापकांच्या मुलीला चोरून शिकवलं तर उद्या बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? सगळा गाव टपून बसला होता, ही शाळा कधी बुडते ते बघायला. मी तुझ्यावर प्रयोग करत नव्हते. माझा विश्वास होता. आजही आहे, हेच तर कठीण आहे. मागून मिळालेलं शिक्षण टिकतं, लादलेलं अंगावरून वाहून जातं, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय. पण मागायला तोंड उघडावं लागतं, आणि सगळी शाळा ज्या गोष्टीला कल्पनाशक्ती म्हणते, तिला 'मला येत नाही' असं नाव कुठल्या मुलाने द्यावं?

एकदा तू माझ्या टेबलापाशी आलीस. तीन-साडेतीनची वेळ. छातीशी पुस्तक धरलेलं. मी हिशेब करत होते. तू उभी राहिलीस, बराच वेळ. मी मान वर करून विचारलं, "काही हवंय का?" तू म्हणालीस, "काही नाही, ताई." आणि गेलीस. मी पुन्हा हिशेबात मान घातली. नियमाप्रमाणे मी विचारलं होतं.

शेवटी तू वाचायला कुणाकडून शिकलीस ते मला आजवर माहीत नाही. कदाचित बाबांकडून. ते गेले, आणि तू सांगत नाहीस. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत तुझा पेपर अर्धा राहिला. बाकीच्या मुली लिहून उठल्या तेव्हा तू दुसऱ्याच पानावर होतीस, हे मला तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. तू मला येऊन एवढंच म्हणालीस, "लॉन्ड्रीत नोकरी मिळाली." मी म्हटलं, "तुला आवडत असेल तर छानच." देवा, काय बोलले मी. माझं मन मोठं आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

तू तुझ्या मुलीला रडवून पाढे का घोकून घेतेस ते मला काल बेकरीच्या कोपऱ्यावर कळलं.

काळं पाठव. माझ्याच विरुद्ध प्रचार केलेला नियमात बसतो की नाही ते बघावं लागेल, पण पाठव.


२८ फेब्रुवारी

ठकू,

काल मतदान झालं.

सगळ्या मोठ्यांची नावं होऊन माझं शेवटी आलं. डबा फिरला. टपालाने आलेली बटणं आधीच त्यात घातली होती. तुझं नव्हतं. सभापतीने डबा टेबलावर पालथा केला, छोट्यांनी पांढऱ्यांची एक रांग लावली, काळ्यांची एक. दोन्ही रांगा टेबलाच्या कडेपर्यंत बरोबरीने आल्या. पोरांनी पुन्हा मोजली, मग दुर्बीण नावाचे आमचे विज्ञानाचे मास्तर आहेत, त्यांनी मोजली. बरोबरी. म्हणजे मी राहिले. स्वयंपाक्याने सुस्कारा सोडला तो मला चार खुर्च्यांवरून ऐकू आला.

तेवढ्यात पोस्टमन आत आला, सायकलची पिशवी खांद्यावर तशीच. पत्रं तो फाटकाशी टाकतो, काल मात्र दिवाणखान्यापर्यंत आला. "त्या पत्त्यावरून आलंय," मला म्हणाला. सभापतीने पाकीट माझ्या हातात दिलं नाही. घड्याळ पाहिलं, सभा सुरू आहे म्हणाली, आणि कात्रीने कापलं.

चिठ्ठी नव्हती. टेबलावर एक बटण पडलं. मोठं, तपकिरी, चार भोकांचं, दोऱ्याचा तुकडा अजून लोंबत होता.

सगळी डोकी टेबलावर वाकली. "हे पांढरं नाही." "काळं पण नाही." "तपकिरी म्हणजे रद्द!" मागून कुणीतरी म्हणालं, "काळपट आहे की." शंका आली तर चिटणिसाने निर्णय द्यायचा, असा नियम आहे. सभापतीने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज कडक होता. "चिटणीस म्हणून विचारते आहे, ताई म्हणून नाही. रद्द धरायचं का?"

रद्द म्हटलं असतं की बरोबरी कायम. मी माझ्या खोलीत, माझ्या खिडकीपाशी, बाबांच्या टेबलापाशी, मरेपर्यंत. कुणी हरकतही घेतली नसती. भिंगरी समोर बसली होती. ती माझ्याकडे सरळ बघत होती.

मी बटण उचललं. कडेला खाच होती. तू दात येण्याच्या वयात माझ्या कडेवर बसून ते चावायचीस, वरून दुसरं. म्हणजे कोट आहे. मला वाटलं होतं केव्हाच कुणाला देऊन टाकला असशील. तो खुंटीवर आहे आणि तू कात्री घेऊन त्याच्यापाशी उभी राहिलीस. पाठवलेल्या जोडीतलं पांढरं तुझ्याने पाठववेना आणि काळंही पाठववेना, असं मी मनाशी धरून चालले आहे. चुकत असेन.

"काळं धरा," मी म्हटलं.

"नक्की?"

"ती माझी मुलगी आहे. तिला एक मत आहे, ते वाया जाता कामा नये."

या सभेत मी तुला माझी मुलगी कधी म्हटलं नव्हतं, ठकू. एकदाही नाही. काल पहिल्यांदा म्हटलं. सभापतीने निकाल सांगितला. पुढच्या वर्षासाठी सभेला ताई नको आहे. मग तिने घंटा खाली ठेवली आणि तेरा वर्षांच्या मुलीसारखी रडली.

सभा उठल्यावर भिंगरी जिन्यात आडवी आली. "मी तक्रार केली होती," म्हणाली. "घालवायला नव्हतं सांगितलं." तिला जवळ घेतलं. तुझी तक्रार बरोबर होती, म्हटलं. नियमही बरोबर आहे, मीच लिहिलाय. "मग चूक कुणाची?" तिने विचारलं. चांगला प्रश्न होता, पण मला त्याचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं.


२ मार्च

ठकू,

स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते आहे. हे पत्र तुला माझ्या आधी मिळेल की नंतर, सांगता येत नाही. सत्र संपेपर्यंत राहायची मुभा होती. राहिले नाही. बाबांचं टेबल स्वयंपाक्याला दिलं, बाकी सगळं एका बॅगेत मावलं. तीच बॅग. पोरं फाटकापर्यंत आली, मग कुणीतरी चेंडू आणला आणि ती खेळायला लागली. मला बरं वाटलं.

तू दारातच विचारशील, तिला शिकवलंस, मग मला का नाही? सकाळपासून उत्तर जुळवते आहे. मी तेव्हा तरुण होते, शाळा नवी होती, सगळे हसत होते, हे सगळं खरं आहे आणि त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना माझ्या डोळ्यांपुढे भिंगरी नव्हती. तू होतीस. तुझं राहिलेलं मी तिला शिकवत होते. तुझ्या वाटचं दुसऱ्याच्या मुलीला दिलं आणि तिला तेही नको होतं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही.

नातीला पाढे म्हणायला लाव. मी काही बोलणार नाही. आणि ती रडायला लागली तर तिला जरा कुशीत घेऊन म्हणायला लाव. बघ, बोललेच. सवय जाता जात नाही.

गाडी लागली आहे. बटण खिशात आहे, सुई-दोराही घेतलाय. तू मला बोलावलेलं नाहीस, हे मला चांगलं माहीत आहे. तरी येते आहे. दार उघडलंस तर कोटाला बटण लावून देईन. नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहीन. तू आतून 'काही नाही' म्हणालीस तरी या वेळी मी उठून जाणार नाही.

आई